ओव्हरड्राइव्ह पेडल जोडताय? आयसी बदलण्याआधी या चुका टाळा

ट्यूब स्क्रीमर या गिटारचा आवाज मुद्दाम थोडा फाडणाऱ्या ओव्हरड्राइव्ह पेडलच्या धर्तीवर पेडल जोडलं आणि आवाज मनासारखा आला नाही, की पहिला हात जातो ऑप-अँपकडे, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या आयसीकडे. जेआरसी ४५५८ काढून टीएल०७२ लावायची, मग आणखी महागडी एखादी. सॉकेट ढिलं होतं, आवाज जवळपास तोच राहतो. या सर्किटमध्ये आवाज घडतो तो आयसीभोवतीच्या चार-पाच पार्टमध्ये.

आधी डायोड बघा. फीडबॅकमध्ये, म्हणजे ऑप-अँपच्या आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेत, ते एकमेकांच्या उलट दिशेने हवेत. दोन्हींच्या पट्ट्या एकाच बाजूला आल्या, तर लहरीचा एक भाग ०.६ व्होल्टच्या आसपास कापला जातो आणि दुसरा थेट सप्लायच्या मर्यादेला आपटतो. आवाज मोठा, पण कर्कश. हे असिमेट्रिकल क्लिपिंग (लहरीचे दोन भाग मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर कापणं) म्हणून खपवू नका. बॉस कंपनीच्या एसडी-१ पेडलमध्ये असिमेट्री आहे, पण तिथे एका दिशेला दोन डायोड आणि दुसऱ्या दिशेला एक असतो. ड्राइव्हचा नॉब कितीही वाढवला तरी आवाज क्लीन आणि बारीकच? डायोड शॉर्ट असू शकतो. एक पाय सोडवून मीटर लावा.

डायोडच्या जागी एलईडी लावून ‘डिस्टॉर्शन कमी झालं’ म्हणणारेही बरेच. होणारच. लाल एलईडी दीड व्होल्टच्या पुढे वाहू लागतो, त्यामुळे आवाज वाढतो आणि क्लिपिंग उशिरा सुरू होतं.

खरी गंमत ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर यांच्या जोडीत आहे. ही जोडी साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, उतरवत नेते. पण ऑप-अँप नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल न उलटवता वाढवण्याच्या जोडणीत) असल्याने गेन एकच्या खाली जात नाही. म्हणजे बेस कापला जात नाही, तो फारसा न वाढता, बराचसा स्वच्छ पुढे जातो. ‘बेस कमी आहे’ म्हणून तिथे ०.४७ लावलात, तर हीच मर्यादा ७२ हर्ट्झवर येते, जाड तारा आधी क्लिप होतात आणि कॉर्डचा चिखल होतो. वाढवायचंच असेल तर ०.१ वर थांबा.

स्वर विरताना शेवटी फसफस येत असेल, तर बायस, म्हणजे सिग्नल नसताना आयसीला मिळणारं मधलं व्होल्टेज, तपासा. ९ व्होल्टवर पिन १ आणि ७ दोन्हींवर ४.५ च्या आसपास दिसायला हवं. तसं नसेल, तर बायसचे दोन १० किलोओहमचे रेझिस्टर आणि तिथलं सोल्डर बघा.