शंभर वर्षांतून एकदाचा पाऊस काढायचाय? आधी नोंदवही उघडा

दर वर्षातला एका दिवसाचा सर्वांत मोठा पाऊस वेगळा काढा. ३० वर्षांची नोंद असेल तर हातात ३० आकडे येतील. मी पहिल्यांदा फसलो तो इथेच. ३१२ मिमीचा विक्रमी आकडा बघून हरखलो आणि सगळं गणित त्यावर उभं केलं. पुढे मूळ पान चाळलं, तर आधीच्या दोन तारखांपुढे नुसत्या रेघा! पर्जन्यमापक रिकामं करायला कुणी फिरकलंच नव्हतं. तीन दिवसांचं पाणी एकाच तारखेच्या नावावर चढलं होतं. तेव्हापासून वरचे पाच आकडे मूळ पानाशी ताडल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. ऐन पावसाळा कोरा असेल तर ते वर्ष गाळा. कोऱ्या जागी शून्य तर मुळीच नको.

आता आकडे उतरत्या क्रमाने लावा. (वर्षं + १) भागिले क्रमांक, हा झाला प्रत्येकाचा रिटर्न पिरियड, म्हणजे तेवढा किंवा त्याहून मोठा पाऊस सरासरी किती वर्षांतून एकदा पडतो ते. गंमत म्हणजे ३० वर्षांतला पहिला आकडा कितीही थोराड असो, या हिशेबात तो ३१ वर्षांचाच ठरतो.

त्यापलीकडे जायला गुम्बेल, म्हणजे अशा वार्षिक कमाल आकड्यांना बसवायचं संख्याशास्त्रातलं एक सूत्र. १०० वर्षांसाठी त्या आकड्यांची सरासरी + ३.१४ × प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप). २५ वर्षांसाठी गुणक २.०४. सरासरी ११० आणि विचलन ३८ मिमी धरलं, तर २२९ आणि १८८ मिमी.

लगेच अहवालात टाकू नका. गुम्बेलच्या आलेख-कागदावर बिंदू मांडा. वरचे बिंदू रेषा सोडून वर वळत असतील, तर गुम्बेल मोठा पाऊस कमी दाखवतोय. मग जीईव्ही घ्या, म्हणजे गुम्बेलचंच जास्त लवचीक, व्यापक रूप; ते एल-मोमेंट्सने (क्रमाने लावलेल्या आकड्यांवरून काढलेल्या मापांनी) बसवा. पण त्यातला शेप पॅरामीटर, म्हणजे वरचं टोक किती वळतं ते ठरवणारा आकडा, ३० आकड्यांवर फार डळमळतो, म्हणून सारख्या हवामानाच्या आसपासच्या केंद्रांच्या नोंदी जोडीला घेतलेल्या बऱ्या.

१०० वर्षांचा आकडा किती डळमळतो ते बघायचं, तर त्याच ३० आकड्यांतून चिठ्ठ्या काढल्यासारखे ३० उचला, उचललेली चिठ्ठी दरवेळी परत टाकून. असं हजारदा करा आणि दरवेळी तो आकडा नव्याने काढा. मधले ९०० आकडे जेवढ्यात पसरतात तो पट्टा अहवालात द्या. साहेबांना एकच आकडा हवा असतो; मी तरीही पट्टा देतो.

'शंभर वर्षं' ऐकून निर्धास्त होणाऱ्यांना सांगा, की ३० वर्षांत असा पाऊस एकदा तरी पडण्याची शक्यता २६ टक्के आहे.

आणि हो, मापक रोज ठरल्या वेळी वाचतात, पाऊस मात्र घड्याळ बघून पडत नाही. कुठल्याही सलग २४ तासांचा पाऊस हवा असेल तर १.१३ ने गुणायची रीत आहे. वरचे २२९ मग २५९ होतात.