केस पेपर लिहिताना या चुका टाळा

मिरजेला जत, कवठेमहांकाळ, पार अथणीकडूनही पेशंट येतात. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात पाच वर्षांचे कागद. आपण डॉक्टर वैतागतो. पण आपली फाइल तरी काय वेगळी? रक्ताचे रिपोर्ट पुढे, एक्स-रे मागे, सिस्टरांच्या नोंदी शेवटी. कागद कुठून आला त्यावर त्याची जागा ठरते, कशासाठी काढला यावर नाही. सगळ्यात मोठी चूक हीच.

अमेरिकेतले डॉ. लॉरेन्स वीड यांनी 1968 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये यावर तोडगा मांडला. पहिल्या पानावर क्रमांक घालून प्रॉब्लेम लिस्ट, पुढची प्रत्येक नोंद त्या-त्या क्रमांकाखाली: पेशंट काय सांगतो, तपासणीत काय सापडलं, त्यावरून काय वाटतं, पुढे काय करायचं. या चार भागांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जोडून पोरं हे 'सोप' (SOAP) म्हणून पाठ करतात. पाठच करतात!

यादीत ठाऊक आहे तेवढंच लिहा. मी शिकत असताना खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी वॉर्डात होत्या. हिमोग्लोबिन 7. मी 'लोहाची कमतरता' लिहून मोकळा झालो. रक्त चढवलं, ऑपरेशन झालं, डिस्चार्ज कार्डावर फक्त फ्रॅक्चर. दोन महिन्यांनी आजी परत आल्या, शी काळी होतेय म्हणून. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या त्या वर्षभर खात होत्या आणि पोटात रक्तस्राव होत होता. 'हिमोग्लोबिन 7, कारण शोधायचंय' असं लिहिलं असतं, तर राउंडला कुणीतरी नक्की विचारलं असतं, "का कमी?" माझ्या दोन शब्दांनी तो प्रश्नच मिटवला.

मग ते लाडकं 'सीएसटी', म्हणजे कालचेच उपचार चालू. ताप उतरला की चढला, कळायला मार्ग नाही. कॉम्प्युटर आल्यावर तर कालची नोंद आज चिकटवतात. काढलेली लघवीची नळी कागदावर आठवडाभर तशीच असते. राउंडला मी फाइल उघडून इंटर्नला एवढंच विचारतो, "यादीतल्या तीन नंबरचं काय झालं?" निम्मं शिकवणं तिथेच होतं.

एका वॉर्डात तीन पाटील असतातच, म्हणून प्रत्येक पानावर नोंदणी क्रमांक हवा. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपायचे आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात.

डिस्चार्ज कार्डावर ती यादी जशीच्या तशी उतरवा, न सुटलेल्या क्रमांकांसकट. कार्ड पेशंटच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवायला सांगा.