लॅपटॉप टीव्हीला जोडून ऑनलाइन पिक्चर बघायचाय? हे करा

आधी नेटचा स्पीड चेक करा, नाहीतर बाकी सगळी खटपट वाया. नेटफ्लिक्सच्या हिशोबाने फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस लागतो, आणि हा स्पीड राउटरपाशी नाही तर जिथे बसून बघणार तिथे मिळायला हवा. शक्य असेल तर सरळ लॅनची वायर लावा, नसेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झवाला बँड घ्या, फक्त मध्ये भिंती जास्त असतील तर तो लवकर ढेपाळतो.

मग एचडीएमआय केबल लावा, टीव्हीवर तोच इनपुट निवडा आणि विंडोज असेल तर विंडोज बटण आणि पी एकदम दाबून डुप्लिकेट निवडा, म्हणजे लॅपटॉपवरचंच चित्र टीव्हीवर दिसेल. चित्र आलं पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय? हे हमखास होतं, मी एकदा अर्धा तास टीव्हीचाच आवाज वाढवत बसलो होतो 😅 खाली कोपऱ्यातल्या स्पीकरवर क्लिक करून आउटपुटला टीव्ही निवडा, झालं.

पिक्चर अडकत असेल तर उघडे टॅब बंद करा, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अॅक्सिलरेशन (व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपवर टाकणारी सोय) चालू आहे का बघा. आणि हो, चार्जर लावून ठेवा, स्लीपचा टायमर पण बंद करा, नेमकी क्लायमॅक्सलाच स्क्रीन काळी होते.