राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करताय? या चुका टाळा

अन्याय खरा असतो, माणूस खरोखर भरडला गेलेला असतो, तरीही तक्रार पहिल्या छाननीतच निकाली निघते. अशा वेळी कारण बहुधा अर्जातच सापडते. महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग ६ मार्च २००१पासून काम करतो आहे. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. इतके सोपे असल्यामुळेच अनेक जण तो घाईने लिहितात आणि नेमके जे लिहायला हवे तेच राहून जाते.

मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३च्या कलम १२नुसार आयोग मुख्यतः दोन गोष्टी तपासतो. लोकसेवकाने, म्हणजे सरकारी अधिकारी-कर्मचाऱ्याने, हक्कभंग केला किंवा त्याला मदत केली का, आणि दुसऱ्याकडून होणारा हक्कभंग थांबवण्यात लोकसेवकाने हयगय केली का. हक्क म्हणजे जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा यांच्याशी निगडित हक्क. तुमच्या अर्जात लोकसेवकच नसेल, तर पुढचे वाचण्याचे कारण उरत नाही.

खाजगी भांडण आयोगापुढे मांडणे

बांधाचा वाद, भाऊबंदकी, घरमालकाने अडवलेले डिपॉझिट, कंपनीने थकवलेला पगार, सरकारी नोकरीतली बदली-बढती ही प्रकरणे आयोग सहसा घेत नाही. त्यांच्यासाठी दिवाणी न्यायालय, कामगार आयुक्त, प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. पण बऱ्याच खाजगी भांडणांच्या पोटात आयोगाचा विषय दडलेला असतो आणि अर्जदाराच्या ते लक्षातच येत नाही. शेजाऱ्याने डोके फोडले ही तक्रार पोलीस ठाण्याची. फुटलेल्या डोक्यानिशी ठाण्यात गेल्यावर तीन तास बाकावर बसवून ठेवले, दवाखान्याचे पत्र दिले नाही आणि दखलपात्र गुन्हा असूनही एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घरी पाठवले, ही तक्रार आयोगाची. अर्ज या दुसऱ्या भागाभोवती लिहा. शेजारी त्यात पार्श्वभूमीपुरता येऊ द्या.

आयोग स्वतः एफआयआर नोंदवत नाही. म्हणून तिकडे अर्ज टाकून गुन्हा नोंदवला जाण्याची वाट पाहत बसू नका. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज आणि तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)चा मार्ग वेगळा आहे. तो समांतर चालू ठेवा आणि आयोगाच्या अर्जात तसे नमूद करा.

मुदत आणि पुरावा दोन्ही हातचे जाऊ देणे

सर्वांत जास्त नुकसान इथे होते. मानवी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम ३६(२)प्रमाणे घटनेपासून एक वर्ष उलटले की आयोग चौकशी करू शकत नाही. वर्षभर मंत्रालय, पालकमंत्री, अधीक्षक कार्यालय असे हेलपाटे घालायचे आणि तेराव्या महिन्यात आयोगाकडे जायचे, असे पुष्कळदा होते. वर्ष घटनेच्या दिवसापासून मोजले जाते, शेवटच्या स्मरणपत्रापासून नव्हे. हक्कभंग अजून चालूच असेल, तर तो कधी सुरू झाला आणि आजही कसा चालू आहे, हे तारखांसह वेगळे लिहा.

पुरावा तर वर्षभरही टिकत नाही. मुका मार आठवड्यात दिसेनासा होतो. अटकेत मारहाण झाली असेल तर वैद्यकीय तपासणीच्या वेळी डॉक्टरांना कोणत्या अवयवावर, कशाने मारले ते सांगा आणि ते कागदावर आले का पाहा. संहितेच्या कलम ५३नुसार त्या अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला किंवा तिने नेमलेल्या माणसाला मिळायला हवी. दंडाधिकाऱ्यांपुढे पहिल्यांदा उभे केल्यावर ‘काही तक्रार आहे का’ असे विचारतात, तेव्हा भीतीपोटी ‘नाही’ म्हटले जाते. पुढे प्रत्येक पोलीस अहवालात हेच ‘नाही’ पुढे केले जाते. नातेवाइकांनी आणि वकिलांनी ही गोष्ट त्या माणसाला आधी समजावून सांगायला हवी.

सीसीटीव्हीचेही तसेच. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, सर्व कोठड्या, मार्गिका, अधिकाऱ्यांच्या खोल्या, ठाणे अंमलदाराची जागा, मागची बाजू अशा ठिकाणी आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. चित्रण १८ महिने आणि तांत्रिक अडचण असेल तर किमान एक वर्ष जपायचे आहे. कोठडीत जबर दुखापत किंवा मृत्यू झाल्याची तक्रार आल्यास राज्य मानवी हक्क आयोग हे चित्रण तातडीने मागवू शकतो, असेही त्याच निकालात आहे. तरीही ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर नेहमी ऐकू येते. त्यामुळे आयोगाच्या नोटिशीची वाट न पाहता पहिल्या आठवड्यातच ठाण्याचे प्रभारी आणि अधीक्षक किंवा आयुक्त यांना लेखी कळवा: अमुक तारखेचे, इतक्या ते इतक्या वाजेपर्यंतचे, अमुक जागांचे चित्रण जपून ठेवावे. त्या पत्राची पोच आयोगाच्या अर्जाला जोडा. चित्रण नंतर ‘गहाळ’ झालेच, तर जबाबदारी कोणाची हे ठरवायला ती पोच उपयोगी पडते.

चुकीचे दार ठोठावणे

राज्य आयोगाची कक्षा संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूची आणि समवर्ती सूचीतल्या विषयांपुरती आहे. पोलीस, तुरुंग, सरकारी दवाखाने, नगरपालिका हे सगळे त्यात येते. फसगत होते ती रेल्वे स्टेशनात. लोहमार्ग पोलीस राज्याचे, म्हणून तक्रार राज्य आयोगाकडे. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, म्हणून तक्रार दिल्लीतल्या राष्ट्रीय आयोगाकडे. गणवेशाच्या बाहीवरचे चिन्ह पाहून घ्या. सशस्त्र दलांबाबतची तक्रारही राष्ट्रीय आयोगाकडेच जाते आणि तिथेही कलम १९ची वेगळी, मर्यादित पद्धत आहे. घटना गोव्यात घडली असेल तर पणजीचा गोवा राज्य मानवी हक्क आयोग, तुम्ही राहायला सिंधुदुर्गात असलात तरी.

एकच अर्ज राष्ट्रीय आयोग, राज्य आयोग, महिला आयोग आणि अनुसूचित जाती आयोग अशा चौघांना पाठवला की जोर वाढतो, हा समज घातक आहे. एका आयोगाने प्रकरण हाती घेतले असेल तर दुसऱ्याला त्याची चौकशी करता येत नाही. चार पत्ते लिहिलेला अर्ज प्रत्येक टेबलावर ‘माहितीसाठी प्रत’ समजून बाजूला पडू शकतो. एक आयोग निवडा आणि अर्ज त्याच्याच नावाने लिहा.

‘जिल्हा मानवाधिकार आयोग’ किंवा ‘तालुका मानवाधिकार समिती’ अशा पाट्या लावून ओळखपत्रे आणि गाडीवरची स्टिकरे विकणाऱ्या संस्थांचा आयोगाशी काही संबंध नसतो. कायद्यात जिल्हा आयोग असे काही नाही. जिल्ह्यात असते ते कलम ३०खालचे मानवी हक्क न्यायालय, म्हणजे त्यासाठी निर्देशित केलेले सत्र न्यायालय. खरा आयोग मुंबईत, सीएसएमटीसमोर हजारीमल सोमाणी मार्गावर आहे आणि तो कोणाला सभासद करून घेत नाही.

मोघम अर्ज

‘पोलिसांनी माझ्यावर घोर अन्याय केला असून योग्य ती कारवाई व्हावी ही नम्र विनंती.’ या वाक्यावरून कोणाला नोटीस काढायची? हेच असे लिहा: ‘दि. १२ रोजी रात्री ९.४० वाजता अमुक पोलीस ठाण्यातील दोन कर्मचाऱ्यांनी मला घरातून नेले. एकाच्या छातीवर नावाची पट्टी नव्हती, अंदाजे वय ३५, डाव्या मनगटावर जखमेचा व्रण. अटकेचे कारण सांगितले नाही, घरी कळवू दिले नाही. दि. १४ रोजी सकाळी ७ वाजता सोडले. या काळात दंडाधिकाऱ्यांसमोर नेले नाही.’ यात २४ तासांच्या नियमाचा भंग आपोआप दिसतो. विशेषणांची गरजच पडत नाही.

अर्ज दोन-तीन पानांत संपवा. सोबत कागदांची क्रमांकित यादी, स्वतःचा पूर्ण पत्ता आणि चालू मोबाईल क्रमांक द्या. निनावी अर्ज घेतले जात नाहीत. पीडित व्यक्ती कोठडीत, आजारी किंवा दबावाखाली असेल तर तिच्या वतीने कोणीही तक्रार करू शकतो. मागणीही नेमकी हवी: किती आणि कशासाठी भरपाई, कोणावर खटला किंवा शिस्तभंगाची शिफारस, उपचारासाठी तातडीची अंतरिम मदत. कलम १८नुसार अशी मदत चौकशी चालू असतानाही सुचवता येते.

न्यायालयात प्रकरण चालू असेल तर ते लपवू नका. तुमच्यावर चोरीचा खटला चालू आहे म्हणून कोठडीतल्या मारहाणीची तक्रार आपोआप बाद होत नाही. पण मारहाणीचाच प्रश्न न्यायालयापुढे असेल तर आयोग सहसा थांबतो. लपवलेली गोष्ट पोलीस अहवालातून बाहेर आली की उरलेल्या अर्जावरचाही विश्वास उडतो.

पोलीस अहवाल आल्यावर गप्प बसणे

आयोगाने मागवलेल्या अहवालाची प्रत आली की बरेच जण खचतात, कारण त्यात ‘आरोपांत तथ्य आढळले नाही’ असे लिहिलेले असते. ते अपेक्षितच धरा. मुदतीत आपले म्हणणे दाखल करा आणि अहवालाच्या परिच्छेदांना क्रमाने उत्तर द्या. आयोगाला कलम १३खाली दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत: साक्षीदार बोलावणे, शपथपत्रे घेणे, सरकारी दप्तर मागवणे. तेव्हा त्या दिवशीची ठाणे दैनंदिनी, अटक पंचनामा, कोठडी नोंदवही आणि वाहनाचे लॉगबुक मागवण्याची लेखी विनंती करा. अहवालातल्या वेळा आणि दैनंदिनीतल्या वेळा जुळतात का, हे तिथेच कळते. पत्ता बदलला तर प्रकरण क्रमांकासह कळवा. सुनावणीची नोटीस जुन्या पत्त्यावरून परत गेली आणि प्रकरण बंद झाले, असे घडू देऊ नका.

शिफारस झाली म्हणजे काम झाले, असे समजणे

आयोग स्वतः शिक्षा देत नाही, तो शासनाला शिफारस करतो. शासनाने एक महिन्यात किंवा आयोगाने वाढवून दिलेल्या मुदतीत केलेल्या कारवाईसह अभिप्राय पाठवायचा असतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये अशा शिफारशी शासनावर बंधनकारक ठरवल्या. तो निकाल आपल्याकडे दाखला म्हणून मांडता येतो. महिना झाला की गृह विभागाकडे माहिती अधिकारात विचारा: शिफारस कोणत्या तारखेला मिळाली, नस्ती (फाइल) कोणाकडे आहे, भरपाईचा आदेश निघाला का. उत्तर टाळाटाळीचे आले तर तेच उत्तर, आयोगाचा आदेश आणि तुमच्या पोचा जोडून अनुच्छेद २२६खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेले यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.