जर्मन बॅजवरचा आकडा वाचण्याआधी 'एल' शोधा

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बॅजच्या मागे अनोळखी शिक्का दिसला की आधी बघा, आकड्याच्या आधी 'एल/' आहे का. नवखे संग्राहक इथेच चुकतात. नुसता आकडा राष्ट्राध्यक्ष कार्यालयाच्या उत्पादकांच्या यादीतला. 'एल/' असलेला १९४१मध्ये स्थापन झालेल्या पदक-उत्पादकांच्या संघाचा, म्हणजे किरकोळ विक्रीच्या मालावरचा. ल्युडेनशाइडची स्टाइनहाउअर उंड ल्युक ही एकच कंपनी पहिल्या यादीत ४, दुसऱ्यात एल/१६. बर्लिनची युंकर २ आणि एल/१२. चुकीची यादी उघडली तर भलताच कारखाना हाती लागतो.

'एम १/' हा नाझी पक्षाच्या सामान-विभागाचा परवाना, सैन्याचा नव्हे. नुसती अक्षरं बहुधा नाव आणि गाव सांगतात: एफएलएल म्हणजे फ्रीडरिख लिंडेन, ल्युडेनशाइड.

शिक्का झिजलेला असेल तर पॉलिश अजिबात करू नका, झालेलं नुकसान भरून येत नाही. बाजूने टॉर्चचा तिरपा प्रकाश टाका, दहापट भिंगातून पाहा, फोटो काढा. मग पिन, बिजागरी आणि हूक त्याच कारखान्याच्या खात्रीच्या नगाशी ताडून बघा. माझा भरवसा शिक्क्यापेक्षा या जुळणीवर जास्त, कारण खोटा शिक्का मारणं सोपं असतं. आणि शिक्काच नसलेले अस्सल बॅजही भरपूर आहेत.