कस्टमाइझ केलेली साईट अपग्रेड करताय? या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाची साईट मी बरीच वर्षं सांभाळतोय. ड्रुपल ७ वर (ड्रुपल म्हणजे वर्डप्रेससारखं वेबसाईट बनवायचं सॉफ्टवेअर) होती, आणि त्यात इतक्या जणांनी हात घातलेत की मूळचं ड्रुपल किती आणि आमचं किती हे शोधण्यातच एक आख्खा रविवार गेला. वर्डप्रेस, मूडलवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोअरच्या, म्हणजे ड्रुपलच्या मूळ, फाईलमध्ये थेट बदल करायचा आणि तो कुठेच लिहून ठेवायचा नाही. आमच्याकडे काय झालं बघा. 'ॲ' दोन प्रकारे टाईप होतो, एक तर अखंड अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, नाहीतर 'अ' टाईप करून त्यावर चंद्र द्यायचा. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळे, म्हणून आधीच्या कोणीतरी सर्चच्या कोअर फाईलमध्ये चार ओळी घालून दोन्ही एकच धरले होते. मी छोटं सिक्युरिटी अपडेट टाकलं, फाईल नवी आली, चार ओळी गेल्या. एरर नाही, काही नाही, साईट व्यवस्थित चालू. तीन आठवड्यांनी एका काकूंचा फोन, "अहो, ॲक्युप्रेशर टाकलं की एकही पुस्तक येत नाहीये, काढून टाकलीत का?"

तर आधी तुमचं जे व्हर्जन चालू आहे अगदी त्याच व्हर्जनची कोरी कॉपी डाउनलोड करा आणि दोन्ही फोल्डरचा डिफ काढा, म्हणजे कुठल्या फाईलमध्ये कुठली ओळ वेगळी आहे त्याची यादी. नव्या व्हर्जनशी तुलना करू नका, त्यांचे बदल आणि तुमचे बदल यांची खिचडी होते. मग प्रत्येक फरकासमोर लिहा, हा कोणासाठी केला होता आणि अजून लागतो का. आमचे निम्म्याहून जास्त कोणालाच लागत नव्हते, सरळ काढले. जे लागतात ते वेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोअरला हात न लावता जोडायच्या तुकड्यात, न्या (आमचं 'ॲ'चं काम सर्च प्रीप्रोसेसच्या हुकमध्ये, म्हणजे आपला कोड जोडायला ड्रुपलनेच ठेवलेल्या जागेत, आरामात बसलं), वर्डप्रेसची थीम असेल तर चाइल्ड थीम करा, म्हणजे मूळ थीम तशीच ठेवून आपले बदल वेगळ्या थीममध्ये.

"एवढे बदल आहेत, नको हात लावायला" म्हणून थांबून राहणं तर फारच वाईट. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधलं एसक्यूएल इंजेक्शनचं (बाहेरच्या कोणालाही डेटाबेसला हव्या त्या आज्ञा देता येतील असं) भोक जाहीर झालं, आणि ज्यांनी ७ तासांच्या आत पॅच लावला नाही त्यांनी आपली साईट हॅक झाली असंच धरून चालावं असं ड्रुपलच्याच सिक्युरिटी टीमने नंतर सांगितलं. ७ तास! आता तर ५ जानेवारी २०२५ पासून ड्रुपल ७ चा सपोर्टच बंद आहे, आणि तिथून पुढे जायचं म्हणजे साधं अपग्रेड नाही, डेटा नव्या घरात हलवायचा आणि कस्टम मॉड्यूल पुन्हा लिहायची.

ड्रुपल ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीचं व्हर्जन अपग्रेडच्याच दिवशी बदलू नका. पीएचपी ७ मधून माय-एसक्यूएल या डेटाबेसशी बोलायची जुनी फंक्शन्स गेलीत, पांढरी स्क्रीन आली की दोष नक्की कोणाचा ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट.

बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नसतं, तो दुसरीकडे रिस्टोअर करून मराठी नोंदी डोळ्यांनी वाचा, कारण जुने डेटाबेस बरेचदा लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांपुरतं जुनं एन्कोडिंग) म्हणून ठेवलेले असतात आणि डंप, म्हणजे डेटाबेसची बॅकअप फाईल, चुकला की सगळ्या मराठीचा कचरा होतो. माय-एसक्यूएलचं जुनं यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइटचं, त्यात देवनागरी बसते म्हणून काही जाणवत नाही, इमोजी मात्र चार बाइटचा, तिथे मजकूर कापला जातो. चार बाइटवर जाताना २५५ अक्षरांच्या कॉलमचे इंडेक्स (पटकन शोधण्यासाठी डेटाबेस ठेवतो त्या सूची) बघा. इंडेक्सची जुनी मर्यादा ७६७ बाइट, २५५ गुणिले ३ म्हणजे ७६५ बसायचे, गुणिले ४ म्हणजे १०२० नाही बसत.

टेस्ट कॉपीवर ईमेल आणि क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आधी बंद करा, नाहीतर पुस्तक केव्हाच परत केलेल्या सभासदांना "मुदत संपली"चे मेल जातात. आमच्याकडे गेले, आणि एक आजोबा पावती घेऊन उन्हात चालत आले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि पुण्यात असाल तर शक्यतो गुरुवारी हे काम काढू नका, दुरुस्तीसाठी लाईट जाते आणि डेटाबेस अपडेट चालू असताना राउटर बंद पडला की सेशन मध्येच तुटतं. काढावंच लागलं तर कमांड सर्व्हरवर टीमक्स (tmux) नावाच्या प्रोग्रॅममध्ये चालवा, म्हणजे तुमच्याकडचं नेट गेलं तरी सर्व्हरवर काम चालू राहतं.