वीज कंपनीतल्या ठेका कामगारांची केस हातात घेताना

युनियनच्या कचेरीत किंवा कामगार कायद्याच्या वकिलाकडे नव्याने लागलेल्यांसाठी हे लिहितोय. किमान वेतन, पीएफ, ईएसआय, बोनस हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण, कंपनी कुठलीही असो, समोर येणारा माणूस साधारण तोच: मीटर रीडर, केबल जॉइंटरचा हेल्पर, सबस्टेशनचा ऑपरेटर, फ्यूज कॉलच्या गाडीवरचा गडी. तो एका दमात दोन गाऱ्हाणी सांगतो. ठेकेदाराने पैसे खाल्ले, आणि दहा वर्षं इथंच राबतोय तर मी कंपनीचाच. ही दोन भांडणं एका अर्जात कधीही घालू नका.

पैशाचं भांडण आधी घ्या. ते जिंकता येतं. ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ मालकाने, म्हणजे काम ठेक्याने देणाऱ्या कंपनीने, तो भरायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करून घ्यायचा, असं 1970 च्या ठेका कामगार कायद्याचं कलम 21(4) सांगत होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, कलमांचे आकडे बदलले, जबाबदारी तीच राहिली. त्यामुळे थकबाकीच्या अर्जात ठेकेदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा. ठेकेदार रातोरात गाशा गुंडाळतो. कंपनी कुठे जात नाही.

कागद मात्र स्वतः वाचा. पगार चिठ्ठीवर 26 दिवस दिसतात, पण पीएफच्या मासिक विवरणात एनसीपीचा रकाना बघा, म्हणजे वर्गणी न भरलेले दिवस. तिथे 12 लिहिलेले असतील तर ठेकेदाराने तेवढे दिवस बिनपगारी दाखवलेत. यूएएन, म्हणजे कामगाराचा पीएफचा कायमचा क्रमांक, एकच असला तरी प्रत्येक ठेकेदाराचा मेंबर आयडी वेगळा असतो, म्हणून पासबुक सगळ्या आयडींचं काढा. मधल्या एखाद्या ठेकेदाराचे चार-सहा महिने कोरे सापडतात. कमी दिवसांचा फटका ईएसआयलाही बसतो. आजारपणाच्या भत्त्याला सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत किमान 78 दिवस भरलेले लागतात. खांबावरून पडलेल्या किंवा शॉक लागलेल्या माणसाला मात्र ही अट नाही, अपघाताचा लाभ पहिल्या दिवसापासून आहे. घरच्यांना हे आधी सांगा, ते हबकलेले असतात.

अनेकदा मालकाचा पीएफचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून कापलेला असतो, तो वेगळा मांडा. आणि ‘पगार बँकेत पूर्ण येतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. एटीएम कार्ड कुणाकडे आहे ते विचारा. सुपरवायझरकडे असेल तर पैसे येतात त्याच दिवशी काढलेली ठरावीक रक्कम पासबुकात दरमहा दिसते. तीन-चार कामगारांची पासबुकं शेजारी ठेवली की नमुना उघडा पडतो.

आता खरा खड्डा. इथेच बहुतेक नवखे पडतात, आणि वर्षं जातात ती इथेच.

‘आम्ही कंपनीचेच’ हे सिद्ध करायला महाराष्ट्रात हात आपोआप यूएलपीकडे, म्हणजे अनुचित कामगार प्रथांच्या तक्रारीकडे जातो. 1971 चा कायदा, कलम 28 ची तक्रार, 90 दिवसांची मुदत, अंतरिम स्थगिती मिळण्याची आशा. बांद्र्याच्या कोर्टात हा रस्ता सगळ्यांच्या पायाखालचा, म्हणून सीनियरही सांगतात, तक्रार टाकून दे. टाकू नका. कामगार मालकाचाच आहे हे आधीच मान्य किंवा निर्विवाद असेल तरच ही तक्रार चालते. कंपनी पहिल्याच जबाबात लिहिते, हे आमचे नाहीत, ठेकेदाराचे आहेत. तिथे गाडी थांबते. सिप्ला, कल्याणी स्टील्स (दोन्ही 2001) आणि इंडियन स्मेल्टिंग (2003) या तिन्ही निकालांत सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. ठेका बोगस आहे की खरा, हे ठरवण्याची जागा औद्योगिक न्यायाधिकरण. तक्रार फेटाळली जाईपर्यंत पाच-सात वर्षं गेलेली असतात, ठेकेदार दोनदा बदललेला असतो, साक्षीदार गावी गेलेले असतात, आणि शून्यापासून मागणीपत्र द्यावं लागतं.

म्हणून क्रम असा: मागणीपत्र, कामगार आयुक्तांकडे समेट, तो फसल्यावर न्यायाधिकरण. जुन्या कायद्यात मधे सरकारचा रेफरन्स लागायचा, म्हणजे सरकारने वाद न्यायाधिकरणाकडे पाठवावा लागायचा. नव्या औद्योगिक संबंध संहितेत समेट फसल्याचा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत थेट अर्ज करता येतो, आणि वाद उभा राहून दोन वर्षं उलटली तर समेट अधिकारी प्रकरण घेत नाही. या दोन्ही तारखा फाइलच्या कव्हरवर लिहून ठेवा.

‘ठेकेदाराकडे परवाना नव्हता म्हणून कामगार आपोआप कंपनीचे’ हा दुसरा लाडका समज. 1992 च्या दीनानाथ निकालाने तो मोडला. ठेका पद्धत बंदीची अधिसूचना निघाली की आपोआप सामावून घ्यायचं, हेही 2001 च्या सेलच्या (स्टील अथॉरिटीच्या) निकालानंतर उरलं नाही. सेलने मोडीत काढलेला 1997 चा एअर इंडियाचा निकाल कुणी हातात ठेवला तर त्याला नमस्कार करा आणि निघा.

न्यायाधिकरण विचारतं: नेमलं कुणी, पगार कुणी दिला, काढायचा आणि शिक्षा करायचा अधिकार कुणाचा, नोकरी सलग आहे का, देखरेख कुणाची. नवखे देखरेखीवर सगळा भर देतात. इंजिनीअरचे ‘घाटकोपरचा फीडर बघ’ असे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज शंभर जोडतात. पण काम कुठे आणि कसं करायचं ते कंपनीने सांगणं म्हणजे दुय्यम नियंत्रण, एवढ्याने भागत नाही, हे 2009 च्या एअर कार्गो निकालात स्पष्ट आहे. रजा कुणी मंजूर केली, गैरहजेरीची मेमो कुणाच्या सहीची, बदली माणूस कुणी पाठवला, याचे कागद शोधा. सबस्टेशनची लॉगबुक इथे सोनं असते. रात्रपाळीला तासातासाची रीडिंग एकाच अक्षरात असतात, खाली पाळी सोडणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्या, समासात कंपनीच्या इंजिनीअरचा शेरा: ‘उद्या सुट्टी मंजूर, पाळी अमुक करेल.’ तो शेरा शंभर मेसेजना भारी. लाइन क्लिअरचं परमिट, म्हणजे लाइन बंद करून काम करायची लेखी परवानगी, कुणाच्या नावावर निघालं, तेही बघा. मूळ वह्या कंपनीकडे असतात, म्हणून त्या हजर करण्याचा अर्ज लवकर टाका, उशीर झाला की ‘नष्ट केल्या’ असं उत्तर येतं.

हा रस्ता लांबचा आहे, पण पोचतो. मुंबई महापालिकेच्या सुमारे 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना न्यायाधिकरणाने 2014 मध्ये कायम ठरवलं आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. त्यानंतरही नावांच्या स्पेलिंगमधल्या फरकांमुळे कित्येकांची नोंद अडकली. त्यामुळे अर्जासोबतची यादी आधार, यूएएन आणि गेटपास तिन्हींशी ताडून मगच टंकलेखनाला द्या. हे काम जुन्या युनियन क्लार्ककडून शिका. माझ्या मते तो पोझिशन घेऊन बोलणाऱ्या वकिलापेक्षा चांगला गुरू. थकबाकीतून टक्के मागणाऱ्या ‘नेत्या’च्या मात्र वाऱ्यालाही उभे राहू नका.

तडजोड झालीच तर ती समेट अधिकाऱ्यासमोर करा, म्हणजे सही न केलेल्या कामगारांनाही बांधते. खाजगी करार फक्त सही करणाऱ्यांचा. कराराखाली कंपनीचीही सही घ्या, आणि नवा ठेकेदार आला तरी हाच दर आणि हीच माणसं राहतील, असं कलम घाला. नाहीतर ठेक्याची मुदत संपली की करारही संपतो. त्याच दिवशी फुल अँड फायनलच्या, म्हणजे सगळा हिशेब मिळाल्याच्या, कोऱ्या व्हाउचरवर सह्या घेण्याची प्रथा आहे, ती माणसांना आधीच सांगून ठेवा.